गिरणीतला सत्कार

आमच्या नातीचं, मृणालिनीचं, बारसं झालं ते साल पंच्याऐंशी. मार्च महिना. रस्त्याच्या कडेचं बर्फ वितळून काळा चिखल झाला होता. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणायला बायका कमी पडत होत्या, म्हणून माझ्या सुनेनं, मालिनीनं, समोरच्या घरातल्या वॉल्टरला बोलावून एका बाजूला उभं केलं. पासष्टीचा उंच, खांद्यात वाकलेला माणूस. पाळण्याखालून आलेलं बाळ त्यानं दोन्ही हातांत घेतलं आणि पुढे द्यायचं विसरूनच गेला. मग नाव विचारलं. मालिनीनं सांगितलं. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही.

"मोठी होऊन मत द्यायला आली की मी तिला मिनी म्हणेन," तो म्हणाला. "आमच्या वॉर्डात अवघड नावं चालत नाहीत. माझं स्वतःचं आडनाव कुणाला म्हणता येत नाही, म्हणून तर सगळे वॉल्टर म्हणतात."

वॉल्टर आमच्या वॉर्डाचा नगरसेवक होता.

आमचं गाव ऑल्डरटन, पेनसिल्व्हेनियातलं. नदीवर लाल विटांची पाच मजली रेशमाची गिरणी, शंभर वर्षांमागची, आणि तिच्या मागे टेकडीवर चढत गेलेल्या कामगारांच्या गल्ल्या. घरं एकाला एक चिकटलेली, प्रत्येकाला पुढे लाकडी ओसरी. माझा मुलगा उल्हास जवळच्या सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर, मालिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. टेकडीवर घरं स्वस्त म्हणून त्यांनी तिथे घेतलं. आम्ही दोघं ब्याऐंशी साली सोलापूरहून त्यांच्याकडे आलो. उल्हास वडलांना बापू म्हणतो, मीही इथे बापूच लिहिते. बापूंची हयात सोलापुरात मागावर गेली. लाल बावट्याचे माणूस. इथे आल्यावर पहिल्यांदा एकटे फिरायला गेले ते नेमके बंद गिरणीच्या फाटकाशी जाऊन थांबले. तिथे वॉल्टर उभा होता. त्याचीही हयात त्याच गिरणीत गेलेली. दोघांनी हातवारे करून एकमेकांना माग चालवून दाखवला आणि ओळख झाली.

तेव्हापासून संध्याकाळी दोघं वॉल्टरच्या ओसरीवर बसत. बापूंचं इंग्रजी तोडकं, पण वॉल्टरला ते पुरायचं. मी भाजी निवडत पायरीवर बसे. जे कळे ते ऐके, न कळे ते घरी आल्यावर बापूंना विचारी. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

वॉल्टरला जुन्या गोष्टी सांगायला आवडत. त्याचा आजा पोलंडातून आला तेव्हा गिरणी नवीकोरी होती. गिरणीचा मालक एका पक्षाचा, म्हणून सगळा वॉर्ड त्या पक्षाचा. त्या वेळी मताचा कागद पक्षच द्यायचा, आणि प्रत्येक पक्षाच्या कागदाचा रंग वेगळा. पेटीपाशी मुकादम उभा. कुणाच्या हातात कुठला रंग ते त्याला लांबूनही दिसे.

"पुढे गुप्त मतदान आलं," वॉल्टर म्हणाला. "कागद सगळ्यांचे सारखे झाले. तरी आजा मरेपर्यंत मालकालाच मत देत राहिला. मालक म्हणायचा, माझा पक्ष आला तर तुमचा जेवणाचा डबा भरलेला राहील. आजाला ते पटायचं. डबा कधी भरलेला नव्हता, पण पटायचं."

"मग फिरलं कधी?" बापूंनी विचारलं.

"माझ्या बापाच्या वेळी. मंदी आली, पगार अर्धा झाला, संप झाला. संपात घोडेस्वार पोलीस या गल्लीत शिरले. पुढच्या निवडणुकीला अख्खी टेकडी उठून दुसऱ्या पक्षात गेली. बाप नगरसेवक झाला. बापानंतर मी. तेव्हापासून इथे आम्ही कावळा उभा केला असता तरी निवडून आला असता."

"आमच्याकडे दगड म्हणतात," बापू म्हणाले.

"दगड बरा. खायला मागत नाही."

असं ते बोलत. पण मी पंच्याऐंशीबद्दल लिहिते आहे, आणि तोवर वॉल्टरचं हसणं कमी झालं होतं. गिरणी एकोणऐंशीला बंद पडली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्याची बायको गेली. मुलगा लांब कॅलिफोर्नियात. आणि चौऱ्याऐंशीला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत टेकडीनं पन्नास वर्षांत पहिल्यांदा मालकांच्या जुन्या पक्षाला मत दिलं. वॉल्टर दारोदार विचारायला गेला तेव्हा लोक म्हणाले, वर त्यांना दिलं रे, खाली तुलाच देणार. वॉल्टरनं ते मानलं. मानल्यासारखं केलं.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात त्याची स्वतःची निवडणूक होती. त्याच्या विरुद्ध मालकांच्या त्या जुन्या पक्षानं हेन्ली नावाचा माणूस उभा केला. जमीनजुमल्याचा धंदा, पन्नाशीचा, नीट भांग, सगळ्यांना नावानं हाक मारणारा. त्यानं बंद गिरणी विकत घेतली होती आणि तिथे फ्लॅट करणार होता. वॉल्टरचं म्हणणं, गिरणीत पुन्हा एखादा कारखाना आला पाहिजे, मग लहान का असेना. हेन्लीनं गिरणी घेतल्यापासून वॉल्टर त्या फाटकाकडे फिरकला नव्हता.

एका संध्याकाळी तो बापूंना म्हणाला, "राम, बायको गेली, मिल गेली. लोक अजून दार वाजवतात ते वॉर्डामुळे. कुणाची गटार तुंबते, कुणाचा दिवा जातो. हे पण गेलं तर मी नुसता टीव्ही बघणारा म्हातारा."

बापूंचं नाव श्रीराम. वॉल्टर त्यांना राम म्हणे.

बापूंना मत नव्हतं, आम्ही तेव्हा नागरिक नव्हतो. पण दुसऱ्या दिवसापासून ते वॉल्टरची पत्रकं घेऊन टेकडीवर निघाले. उन्हाळा होता. दार उघडलं की पत्रक पुढे करायचे आणि म्हणायचे, "वॉल्टर. गुड मॅन." एवढंच. उल्हासला ते आवडलं नव्हतं. त्याचा स्वतःचा कल हेन्लीच्या पक्षाकडे होता. टॅक्स कमी होईल म्हणायचा. बाप-लेकात यावरून जेवताना शब्द होत, पण ते बोलणं जेवणाबरोबर संपे.

"बापू, तुम्हाला व्होट नाही, लँग्वेज नाही, आणि तुम्ही कॅम्पेन करताय."

"सोलापुरात मला लिहितावाचता येत नव्हतं तेव्हापासून करतोय," बापू म्हणाले. "आमटी वाढ."

मग गणपती आले.

ऑल्डरटन आणि आसपासच्या गावांत मिळून आमची मराठी घरं थोडी. डॉक्टर, इंजिनिअर, दोघं-तिघं कॉलेजात शिकवणारे. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, सगळे मिसळलेले. मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र दाते, दातांचे डॉक्टर. आडनावावरून लोक त्यांना चिडवत आणि ते स्वतःही ते हसून घेत. आधी गणपती शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा, त्या वर्षी शाळेनं हॉल कॅन्सल केला. तेव्हा हेन्लीनं हेमचंद्रांना सांगितलं, माझ्या मिलचा खालचा मजला रिकामाच आहे, वापरा. भाडं नको. पुढे फ्लॅट झाले की तुमच्या लोकांना कायमचा हॉल तिथेच काढून देऊ.

बापू वॉल्टरला सांगायला गेले. बरोबर चल म्हणाले.

"त्या माणसाच्या छपराखाली मी येणार नाही," वॉल्टर म्हणाला. "तू जा. तुझा देव आहे."

आम्ही गेलो. शनिवार होता. खालच्या मजल्यावर फरशीत अजून मागांच्या खुणा होत्या, बोल्ट काढल्याची भोकं रांगेनं. बापू त्या रांगांमधून चालत गेले, जणू माग जागेवर आहेत आणि धोटा लागेल. मूर्ती टेबलावर, मागे मालिनीच्या दोन साड्या लावलेल्या. आरती झाली, मोदक झाले. मग हेमचंद्र माईकवर आले आणि हेन्लीला पुढे बोलावलं. ज्यानं जागा दिली त्याचा सत्कार झालाच पाहिजे, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. शाल-नारळ आधीच ताटात होतं.

"काका, तुम्ही सीनियर-मोस्ट आहात," हेमचंद्र बापूंना म्हणाले. "सत्कार तुमच्या हातून."

बापू उठले. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. सोलापुरात खंडेनवमीला गिरणीत मागाची पूजा व्हायची. कामगार मॅनेजरला नारळ द्यायचे, फेटा बांधायचे. दुसऱ्या दिवशी त्याच मॅनेजरच्या नावानं फाटकावर घोषणा. एक वर्ष तर पूजेच्या वेळी संपाची नोटीस युनियनच्या माणसाच्या खिशात होती आणि नारळ हातात. जागा ज्याची, मान त्याचा. भांडण वेगळं.

बापूंनी हेन्लीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, कपाळाला गंध लावलं. हेन्ली वाकून त्यांच्याशी हस्तांदोलन करून उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसानं फोटो काढला. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून.

फोटो आठवड्यानं गावच्या पेपरात आला. पुढच्या आठवड्यात तोच फोटो हेन्लीच्या पत्रकावर आला आणि टेकडीवरच्या प्रत्येक दारात पडला. मालिनीनं वाचून दाखवलं. खाली लिहिलं होतं की ऑल्डरटनचे नवे नागरिक हेन्लींच्या पाठीशी उभे आहेत. फोटोत बापूंचा चेहरा चांगला आला होता.

त्या संध्याकाळी वॉल्टर आमच्या ओसरीवर आला. तो सहसा येत नसे, बापूच जात. पत्रक हातात होतं.

"राम, हे काय आहे?"

"जागा दिली. थँक यू. शाल, नारळ. आमची रीत."

"तू दिवसा माझी पत्रकं वाटतोस आणि त्याच्या गळ्यात शाल घालतोस."

"गळ्यात नाही, खांद्यावर," बापू म्हणाले. मग त्यांनी खंडेनवमीचं सगळं सांगितलं, मॅनेजरचा फेटा, खिशातली नोटीस. इंग्रजी अडलं तिथे मालिनीनं भर घातली. वॉल्टरनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुझ्या गावी ते बरोबर असेल," तो म्हणाला. "तिथे सगळ्यांना माहीत आहे की नारळ म्हणजे नारळ. इथे फोटो म्हणजे फोटो."

"मी पेपरात सांगतो. मी वॉल्टरचा माणूस."

उल्हास दारात उभा होता. तो मराठीत म्हणाला, "बापू, प्लीज. आपण हॉल मागतोय त्याच्याकडे. सगळ्या मंडळाचा प्रश्न आहे."

वॉल्टरला मराठी कळत नाही, पण मुलगा बापाला थांबवतोय हे कुणालाही कळतं. त्यानं विचारलं, "उरलेली पत्रकं कुठे आहेत?" बापूंनी आतून गठ्ठा आणला. वॉल्टरनं तो काखेत घेतला.

"राहू दे आता," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

बापूंनी पेपरला सांगितलं नाही. उल्हासनं हात जोडले होते. पण ते मराठी घरांमध्ये एकेकाकडे गेले. लांबच्यांकडे बसनं गेले, जवळच्यांकडे चालत गेले. वॉर्डात मत असणारी घरं त्यातली थोडीच. "मी कधी काही मागत नाही," असं सांगून त्यांनी वॉल्टरसाठी मत मागितलं. हेमचंद्रांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, बॅलट सीक्रेट असतो. फोटो काढला म्हणून मी कुणाला बांधील नाही. वॉल्टरनं माझ्या क्लिनिकसमोरचा रस्ता नीट करून घेतला होता. देतो मी त्याला. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

निवडणुकीच्या दिवशी वॉल्टर सकाळपासून आपली जुनी गाडी घेऊन टेकडीवरच्या म्हाताऱ्या बायकांना आगीच्या बंबाच्या स्टेशनवर नेत होता. तिथे मतदान असे. दर निवडणुकीला तो हे करायचा. काठी धरून चालणाऱ्या, त्याच्या आईच्या वेळच्या बायका. तो दार उघडून हात द्यायचा, मत देऊन आल्या की परत पोचवायचा. एकेक जण उतरताना त्याच्या गालाला हात लावून जाई. मी खिडकीतून पाहत होते. बापू बाहेर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मृणालिनीला बाबागाडीत घालून निघालो. स्टेशनच्या दारावर वॉर्डाच्या एकेका भागाचे आकडे चिकटवलेले होते आणि पाच-सहा माणसं उभी होती. वॉल्टरही होता. बापू त्याच्याजवळ जायला निघाले तेवढ्यात वॉल्टरनं वळून पाहिलं आणि त्या माणसांना मोठ्यानं म्हणाला, "हे बघा. या लोकांनी मला विकलं."

माणसांनी आमच्याकडे पाहिलं. त्यातला एक स्टॅन होता, वॉल्टरबरोबर आयुष्यभर पत्ते खेळलेला. त्यानं मान हलवली. "बरोबर आहे वॉल्टर," तो म्हणाला. "बाहेरचे लोक."

बापूंनी टोपी काढली, परत घातली, आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी उल्हास कामावरून येताना आकडे पाहून आला. कोट न काढताच बसला.

"बापू, आपली वॉर्डातली सगळी मिळून वीस मतं नाहीत. वॉल्टर दोनशेच्या वर पडलाय. आपली सगळी त्याला मिळाली असतील तरी पडला, सगळी हेन्लीला गेली असती तरी तेवढाच पडला असता. त्याच्या स्वतःच्या गल्ल्या उलटल्या आहेत. ती स्टॅनची गल्ली, चर्चजवळची, सगळी. त्याच्या गाडीत बसून गेलेल्यांनी हेन्लीला मतं दिली."

"का?" मी विचारलं.

"फ्लॅट झाले की घरांच्या किमती वाढतील, आई. ज्याची त्याची मुलं दुसरीकडे गेली आहेत. यांना घरं विकून मुलांकडे जायचंय. हेन्लीनं तेच सांगितलं घरोघरी."

मग तो थोडा थांबून म्हणाला, "मी वॉल्टरला दिलं. मनातून नव्हतं द्यायचं. तुमच्यासाठी दिलं."

"बरं केलंस," बापू म्हणाले. "आता हे आकड्यांचं कुणाजवळ बोलू नकोस."

"म्हणजे? तो गावभर सांगतोय की आपण पाडलं. त्यालाही माहीत आहे की ते खोटं आहे. आकडे त्यानं आपल्या आधी बघितलेत."

"माहीत असू दे. बोलायचं नाही."

उल्हासला ते पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते पटण्यासारखं नव्हतं. पुढचे महिने जड गेले. बेकरीतली बाई मला आधी एखादा गोड पाव जास्तीचा घालायची, ती आता सुट्टे पैसे काउंटरवर ठेवून दुसरीकडे बघायची. हॉस्पिटलात एकानं मालिनीला ऐकवलं, "तुमच्या लोकांनी हेन्लीला आणलं, आता बघा टेकडीचं काय होतं ते." ते बोलणाऱ्यानं स्वतः कुणाला मत दिलं होतं, देव जाणे. हेन्लीला मत देणारा प्रत्येक माणूस वॉल्टरबरोबर मान हलवून ‘त्या बाहेरच्यांनी केलं’ म्हणत होता. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं.

मंडळातही कुरबूर झाली. हेन्लीनं निवडून आल्यावर कळवलं की हॉलचं प्लॅनमध्ये बसत नाही. हेमचंद्र उल्हासला म्हणाले, "अरे यार, शालही गेली आणि हॉलही." पुढच्या वर्षीचा गणपती आम्ही दुसऱ्या गावातल्या एका शाळेत केला.

जानेवारीत एका रविवारी उल्हास जेवता जेवता उठला. "मी पेपरला लिहितो," म्हणाला. "वॉर्डाचे आकडे पब्लिक आहेत. कुणाचं नाव घेत नाही. फक्त आकडे."

"बस खाली," बापू म्हणाले.

"बापू, आपल्याला इथे राहायचंय. मृणालिनी इथल्या शाळेत जाणार आहे. तिला कुणी काही बोललं तर?"

"त्यालाही इथेच राहायचंय. त्याच गल्लीत. सकाळ-संध्याकाळ ज्यांची तोंडं बघायची त्यांनीच पाडलं असं त्यानं कबूल केलं, तर तो सकाळी दार कसं उघडेल? आपल्यावर राग धरून निदान उघडतो. स्टॅनबरोबर पत्ते खेळतो."

"आणि मालिनीनं ऐकून घ्यायचं?"

बापूंनी मालिनीकडे पाहिलं. तिनं बाळाला भरवत असलेला चमचा खाली ठेवला.

"मी घेईन ऐकून," ती म्हणाली. "पण बापू, जन्मभर नाही. ही शाळेत जायच्या आत तुमचं काय ते होऊ दे."

"होईल," बापू म्हणाले. "आम्ही दोघंही म्हातारे आहोत."

उल्हासनं लिहिलं नाही. रागानं तो पुढे किती तरी दिवस बापूंशी कामापुरतं बोलत होता. मी दोघांच्या मधे होते आणि दमले होते. मला कधी बापूंचं पटायचं, कधी मुलाचं. नवऱ्याची मैत्री वाचवायची म्हणून सुनेनं बोलणी खायची, हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि मैत्री तरी कुठे वाचत होती. वॉल्टर आपल्या ओसरीवर बसे, बापू आमच्या. मधे रस्ता. बर्फ पडलं की बापू आमच्या दारातलं काढत, वॉल्टर त्याच्या दारातलं. एकदा वॉल्टरला धाप लागून तो फावडं टेकून उभा राहिला. बापू रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या दारातलं बर्फ काढू लागले. वॉल्टर आत गेला. बापूंनी सगळं काढलं आणि परत आले. तेव्हापासून ते दर वेळी काढत, आणि दर वेळी वॉल्टर आत जाई.

शहाऐंशीच्या शेवटी त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. गिरणीतली धूळ आणि सिगारेट, दोन्ही. हॉस्पिटलात ठेवलं. मालिनी तिथेच कामाला, तिनं संध्याकाळी येऊन सांगितलं. मुलगा कॅलिफोर्नियाहून येऊन चार दिवस राहून गेला, म्हणाली. बापूंनी स्वेटर चढवला. मीही बरोबर गेले.

वॉल्टर उशीला टेकून बसला होता, नाकात नळी. बापूंना पाहून त्यानं डोळे मिटले, मग उघडले. खिडकीत फुलं होती. बापू खुर्चीवर बसले, मी दारापाशी उभी राहिले.

"तूच पाडलंस मला, राम," वॉल्टर म्हणाला.

"हो," बापू म्हणाले.

"त्या शालीनं."

"हो. शालीनं."

वॉल्टरनं खिडकीतल्या फुलांकडे पाहिलं.

"स्टॅन येऊन गेला," वॉल्टर म्हणाला. "ती फुलं त्याचीच. त्यानं हेन्लीला मत दिलं होतं. त्याच्या बायकोनंही. ज्यांना मी गाडीत नेलं त्यांनी दिलं. मिसेस झेलिन्स्कीनं दिलं, तिचं छप्पर मी स्वतः शिडीवर चढून दुरुस्त केलं होतं."

त्यानं मान वळवून बापूंकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मुलानं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी."

"मग आत्ता हो का म्हणालास?"

"तू म्हणालास म्हणून."

वॉल्टर हसायला गेला आणि खोकला आला. नर्स येऊन बघून गेली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "माझा आजा मालकाचा रंगीत कागद हातात घेऊन जायचा. मुकादमाला दिसायचा. निदान कोण कुणाचं ते कळायचं." मग तो थांबला. श्वास पुरत नव्हता. "कुणाला सांगू नकोस राम. मी असेपर्यंत. त्यांनी मला सोडलं असं म्हणवून घेत मला गावात चालत फिरायचं नाही."

तो पुन्हा चालणार नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

"इतके दिवस नाही सांगितलं," बापू म्हणाले.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन बसू लागले. फार बोलत नसत. मालिनी काम संपलं की त्यांना गाडीत घालून घरी आणी. एकदा वाटेत तिनं विचारलं, वॉल्टर काय म्हणाला. बापू म्हणाले, गटारीचं म्हणत होता, चर्चच्या कोपऱ्यावरची पुन्हा तुंबली आहे, हेन्लीला कळवा म्हणाला.

वॉल्टरच्या मातीला अख्खी टेकडी आली होती. हेन्लीनं शवपेटीला खांदा दिला. आम्ही मागच्या बाकावर बसलो. बाहेर पडताना स्टॅन आमच्याजवळून गेला आणि त्यानं आम्हाला ओळख दिली नाही. उल्हास पुढे व्हायला लागला तेव्हा बापूंनी त्याच्या बाहीला धरलं. "तो ‘मी असेपर्यंत’ म्हणाला होता," उल्हास हलक्या आवाजात म्हणाला. आदल्या रात्री मीच त्याला सगळं सांगितलं होतं. "आता तो नाही."

"आजचा दिवस राहू दे," बापू म्हणाले.

तो दिवस तसाच राहिला, आणि पुढचेही. उल्हासनं कधी पेपरात लिहिलं नाही. मग गिरणीत फ्लॅट झाले, टेकडीवरची घरं विकली गेली, स्टॅन फ्लोरिडाला मुलीकडे गेला, बेकरी बंद झाली. ज्यांना सांगायचं तेच उरले नाहीत. मृणालिनी शाळेत गेली तेव्हा तिला कुणी काही बोललं नाही. कुणाला काही आठवत नव्हतं.

वॉल्टर सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत वारला. बापू अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, झोपेत, ऑल्डरटनलाच गेले.